अनुमोदन माझंच होतं

सभा कशी चालवायची हे मला कळतं, असं आमच्या गावाचं मत होतं, आणि गावाहून जास्त माझं स्वतःचं. मी दूध सोसायटीचा चेअरमन. त्याआधी बरीच वर्षं मी त्याच सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसणारा माणूस होतो. सहकारातली सभा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. सचिव विषय वाचायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पहिल्या रांगेतून आवाज उठावा लागतो, "मंजूर! मंजूर!" विरोधकांना पान सापडेपर्यंत विषय आटोपलेला असतो. त्याला घसा लागतो आणि वेळ साधावी लागते. माझा घसा भोंग्याशिवाय वेशीपर्यंत जायचा. लोक थट्टेनं म्हणायचे, ह्याला चेअरमन कामानं नाही केलं, घशानं केलं. मला त्याचा राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीनं, म्हणजे गावातल्या आमच्या चर्चच्या सभासदांनी, मला चर्चच्या वार्षिक परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं, ते याच लौकिकामुळे. आम्ही मेथॉडिस्ट. केजपासून आत असलेल्या आमच्या गावात आम्हाला 'मिशनवाले' म्हणतात आणि घरं सगळी मिळून सतरा. परिषदेला पाळक, म्हणजे आमचे पाद्री, तर जातातच, पण मंडळीचा एक साधा सभासद आणि महिला मंडळाची एक बाईही जाते. महिला मंडळाकडून वस्तीवरची मावशी आली. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बायबल वाचायची तेसुद्धा अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत. मला वाटलं, हिला नुसतं सोबत न्यायचं आहे, बाकीचं मी बघतो.

बघण्यासारखं होतं ते असं. त्या वर्षी लहान मंडळ्या मोठ्या मंडळ्यांत मिळवायच्या, अशी कुजबुज आधीच कानावर आली होती. आमची मंडळी केजच्या मंडळीत गेली की आमचे पाळक केजला राहायला जाणार. एरवी ते आम्ही रडून सोसलं असतं. पण त्या वर्षी प्रश्न किल्लीचा होता. मिशनच्या आवारात जुनी दगडी विहीर आहे आणि गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या तेव्हाही तिच्यात पाणी होतं. शेजारच्या मोकळ्या मैदानात आमच्या सोसायटीनं चारा छावणी टाकलेली, त्यात पावणेदोनशे जनावरं. गेटची किल्ली पाळकांच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची. पाळक पहाटे पाचला गेट उघडत, मोटर चालू करत, आधी बायकांच्या घागरी आणि मग जनावरं, असा नंबर लावत आणि भांडणं झाली की मधे उभे राहत. आवार चर्चच्या मालकीचं. रिकाम्या आवाराला कुलूप लावायचं आणि किल्ली ज्या गावी पाळक त्या गावी ठेवायची, हा नियमच आहे, आणि तो कुणी वाईट बुद्धीनं केलेला नाही. म्हणजे पाळक केजला तर किल्लीही केजला. निघताना गावातला प्रत्येक जण, मिशनवाला असो नसो, मला एकच सांगत होता, "चेअरमन, किल्ली जाऊ देऊ नका."

"आपन कशाला हाओत?" मी म्हणालो.

बीडला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर यायचं होतं, तरी रिक्षावाले डोक्याला पंचे बांधून बसले होते. परिषद एका मोठ्या देवळात होती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. आत पुढच्या बाकांभोवती सुतळी बांधलेली. दारावरच्या माणसानं छातीला बिल्ले लावले आणि म्हणाला, "प्रतिनिधींनी बारच्या आत बसा. बारच्या बाहेर बसलेल्यांचं मत धरलं जाणार नाही."

मावशी जागच्या जागी थबकली. "देवाच्या घरात बार?"

त्या सुतळीच्या हद्दीलाच हे लोक बार म्हणतात, हे समजावून सांगितलं तेव्हा तिनं वाकून सुतळी ओलांडली आणि बाकावर बसून दोनदा मागे वळून पाहिलं. "आत बसलं तरच मत व्हय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "होय. आणि मत कसं द्यायचं त्याची तुमी काळजी करू नका. माझ्याकडं बघायचं. मी हात वर केला की वर, मी खाली केला की खाली." तिनं मान हलवली. मग हातात मिळालेली अहवालाची जाड पुस्तिका उघडून पहिल्या पानावर बोट ठेवलं.

बिशपसाहेब अध्यक्षस्थानी होते. त्यांच्या शेजारी परिषदेचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर, ताठ मानेचा माणूस. गीत झालं, प्रार्थना झाली, मग एकेक अहवाल सुरू झाला. मी कान टवकारून बसलो होतो. आमच्या गावाचं नाव उच्चारलं की उठायचं, माइक धरायचा आणि बोलायचं. काय बोलायचं ते एसटीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. समोर ओळखीचे चेहरेही होते. आष्टीकडचे, गेवराईकडचे दोन-तीन जण दूध संघाच्या सभेत भेटणारे, आणि पुढच्या महिन्यात मी संघाच्या संचालकपदाला उभा राहणार हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यादेखत बोलायची मला खुमखुमीही होती, नाकारत नाही.

एक अहवाल, दुसरा अहवाल. पंखा गरम वारा खाली ढकलत होता. आमच्या गावाचं नाव काही येईना. मला सहकाराची सवय. तिथे विषय म्हणजे विषय, क्रमांक घेऊन उघड समोर येतो. इथे सगळी भाषा गोड आणि लांबलचक. एक पाळक उठले, चांगली दहा मिनिटं सेवाकार्यावर बोलले आणि शेवटी म्हणाले, "हा अहवाल परिशिष्टांसह स्वीकारण्यात यावा, अशी सूचना मी मांडतो."

बिशपसाहेबांनी सभेकडे पाहिलं. "अनुमोदन?"

क्षणभर कुणी बोललं नाही. सभेत अशी पोकळी पडली की माझ्या घशाला खाज सुटते. वर्षानुवर्षांची सवय. मी काही ठरवलं नाही, माझ्या डोक्याला विचारलंही नाही.

"अनुमोदन! मंजूर!"

देवळाच्या छताला आवाज लागला. चार-दोन लोक हसले. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं, माझ्या बिल्ल्यावरचं नाव विचारून घेतलं आणि लिहिलं. "बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर, माझा सगळ्यात आधी. मावशीकडे पाहिलं तर तिचं बोट अजून पुस्तिकेवरच. मी कोपरानं ढोसलं. ती हलली नाही.

"विरोधात?"

आणि तिचा हात वर गेला. सबंध देवळात एकटीचा. हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या खाली कोपराकडे घसरल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, हात खाली! खाली घ्या!" मी दातओठ खात म्हणालो आणि तिचा हात धरून खाली ओढायलाही लागलो. तिनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "विरोधात एक. अहवाल परिशिष्टांसह स्वीकृत." पुढचा विषय सुरू झाला.

"कावून असं केलंत?" मी विचारलं. खरं म्हणजे खेकसलो.

तिनं पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. मागचं पान होतं. परिशिष्ट ब. तिचं बोट सातव्या ओळीवर होतं. आमच्या गावाचं नाव, पुढे 'सरासरी हजेरी अल्प', पुढे 'केज मंडळीत समाविष्ट करण्याची शिफारस'.

"मला वाचाया टाइम लागतो," ती म्हणाली. "इथवर आले आन तुमी वरडलात."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं ही म्हण मी हजारदा वापरली असेल. धोंडा पडल्यावर कसं वाटतं ते त्या बाकावर कळलं. आमची किल्ली घालवायचा ठराव, आणि त्याच्यापुढे अनुमोदक म्हणून माझं नाव, शाईनं. त्याहून वाईट म्हणजे मला मावशीचा राग आला, तिनं वाचलं म्हणून आणि मी वाचलं नाही हे तिला दिसलं म्हणून.

जेवणाची सुट्टी झाली. मंडपात वरण-भात आणि बटाट्याची भाजी होती. मी ताट घेतलं नाही. आमचे पाळक एका कडेला उभे होते. सगळं त्यांच्या कानावर गेलंच होतं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "चेअरमन, मला यात बोलता येत नाही. माझ्याच नेमणुकीचा प्रश्न आहे. मी बोललो तर घरासाठी बोललो असं होईल." आणि मग खाली बघत, "पाच वाजता नेमणुका वाचतील. एकदा वाचल्या की झालं." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

मी लाउडस्पीकरवाल्याला शोधायला निघालो. डोक्यात एक कारण तयार झालं होतं. भोंगा खरखरत होता, मला 'परिशिष्टांसह' हा शब्द ऐकूच आला नाही, असं म्हणायचं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण वाटेतच मावशी दिसली. ती सेक्रेटरींच्या टेबलापुढे उभी होती आणि तिचं बोलणं संपत आलं होतं.

"आमचं परत इचारात घ्या सायेब. मी एकलीनं न्हाई म्हणलंय, लिवलंय तुमी."

सेक्रेटरींनी चमचा ताटात ठेवला. आवाज कोरडा होता, पण तुसडा नव्हता. "तेच तर आहे, बाई. तुम्ही विरोधात होता. ठरावाचा फेरविचार मागायचा हक्क विरोधात मत दिलेल्याला नसतो. तो बाजूनं मत दिलेल्यालाच असतो. नाहीतर हरलेला माणूस दर अर्ध्या तासानं उभा राहील आणि काम पुढं जाणार नाही."

"म्हंजी ज्यानं व्हय म्हणलं त्यानंच म्हनायचं?"

"हो. आणि त्यानं कारण द्यायचं, आपलं मत का बदललं त्याचं. सुतळीच्या आत उभं राहून, सगळ्यांसमोर. नेमणुकांच्या आधी."

मावशी वळली आणि मागे मी उभा. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून तिनं माझ्या हातात दिला.

आम्ही लिंबाखाली बसलो. मी तिला भोंग्याचं कारण सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भोंगा तर चांगला वाजत होता. सगळ्यांनी ऐकलाय. देवळात लबाड बोलू नका, चेअरमन."

"मग काय सांगू? वाचलं न्हाई म्हणून सांगू? सगळा जिल्हा बसलाय आत! पुढच्या महिन्यात मी उभा हाय, मावशी. न वाचता अनुमोदन देणारा म्हणून आयुष्यभर दात काढतील माझ्यावर!"

"काढतील," ती म्हणाली. "लई काढतील."

तेवढंच. तिचा मला भयंकर राग आला आणि त्या रागात मी अर्धा तास अंगणात येरझारा घातल्या. एकदा फाटकापर्यंतही गेलो. समोरून एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा रिकामी चालली होती. हात केला असता तर थांबली असती. पण किल्ली खिळ्यावर नाही आणि गेटपुढे बायका घागरी घेऊन उभ्या आहेत, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. त्या बायकांत माझी बायकोही होती.

दुपारचं सत्र सुरू झालं. मी सुतळीच्या आत जाऊन बसलो. साडेतीन झाले, चार झाले. दरवेळी दोन विषयांच्या मधे मी उठायचं ठरवायचो आणि तोवर पुढचा विषय सुरू झालेला असायचा. ज्या घशाला कधी बोलावणं लागलं नव्हतं, तो आज कामाला येईना. साडेचारच्या सुमाराला सेक्रेटरींनी एक लांब पिवळा लखोटा बिशपसाहेबांपुढे ठेवला. नेमणुकांचा. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिनं डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली होती.

मी उठलो.

"अध्यक्षमहाराज," तोंडून निघालं. सोसायटीतलाच शब्द. कुणीतरी हसलं. "बिशपसाहेब. सकाळच्या अहवालावर मला फेरविचार पाहिजे. परिशिष्ट ब, क्रमांक सात."

"आपण कोणत्या बाजूनं मत दिलं होतं?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण विचारावंच लागतं.

"बाजूनं. अनुमोदन माझंच होतं."

"आणि मत का बदललं?"

आता सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. गेवराईचे ओळखीचे गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बसलेले दिसले. मी भोंग्याचं कारण अजूनही देऊ शकत होतो, ते जिभेच्या टोकावर होतं.

"मी परिशिष्ट वाचलं नव्हतं," मी म्हणालो. "आमच्याकडं सभेत मंजूर म्हणायची सवय असते. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या गावाचं नाव त्यात होतं आणि मीच मंजूर म्हणालो. या बाईंनी वाचलं होतं. मी यांचा हात खाली ओढत होतो."

हशा पिकला, मोठाच. कान तापले. बिशपसाहेबांनी हात वर केला तेव्हा तो थांबला. "बोला," ते म्हणाले.

मग एसटीत पाठ केलेलं काही आठवलं नाही. जे होतं ते सांगितलं. हजेरी कमी लिहिली आहे, पण ती मोजली जानेवारीत. जानेवारीत आमच्या सतरांपैकी अकरा घरं ऊसतोडीला गेलेली असतात, पाटीपासून पाळण्यापर्यंत सगळं घेऊन. ती उसाच्या फडात रविवार पाळतात, देवळात कुठून दिसणार? आणि किल्ली. खिळा, पाच वाजताचं गेट, आधी घागरी मग जनावरं. "पाळक केजला गेले तर किल्ली केजला जाईल. पाऊस पडेपर्यंत तरी ती खिळ्यावर राहू द्या." एवढं बोलून मी खाली बसलो.

फेरविचार घ्यावा की नाही, यावर मत झालं. सेक्रेटरी उभे राहून बोटानं हात मोजत होते, एकेका बाकाजवळ थांबत. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गेवराईच्या गृहस्थांचा हात वर होता आणि रुमाल मांडीवर. फेरविचार मंजूर झाला. मग क्रमांक सात वेगळा काढला आणि ठरलं की ऊसतोडीची माणसं घरी असताना हजेरी पुन्हा मोजावी, तोवर आहे तसं राहावं. पाच वाजता लखोट्यातली यादी वाचली. आमच्या गावाच्या नावापुढे बिशपसाहेब थांबले, पेनानं काहीतरी खोडलं आणि आमच्या पाळकांचंच नाव वाचलं. मागच्या बाकावर पाळकांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला होता. मला हुंदका आला आणि मी तो खोकल्यात घातला.

स्टँडवर केजच्या गाडीची वाट बघत होतो तेव्हा मी पुन्हा माणसात आलो होतो. जरा जास्तच. "बघितलं ना मावशी? घसा कामाला आला शेवटी," मी म्हणालो.

मावशी पिशवीत बिल्ला ठेवत होती, बायबलच्या पानात. "घसा मला म्हाईत हाय तुमचा," ती म्हणाली. "आमच्या वस्तीवरचं दूध सेंटर बंद केलं तवाचा."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. वस्तीवर सोसायटीचं संकलन केंद्र होतं, दोन वेळा दूध घ्यायचं. एका वार्षिक सभेत ते बंद केलं. कितवा विषय होता तो, आता सांगता येणार नाही. त्या वर्षी मी चेअरमन नव्हतो, पहिल्या रांगेत होतो.

"मी मांडवाच्या बाहीर उभी होते, कॅन घिऊन. आतून आवाज आला, मंजूर, मंजूर. तवाच वळखला. दोन वर्सं सकाळ-संध्याकाळ गावापस्तोर दूध घालाया चालले. मग गुडघे गेले, मग म्हस इकली." ती हे तक्रार केल्यासारखं सांगत नव्हती. बाजारात काय भाव होता ते सांगावं, तसं सांगत होती.

"मावशी, तुमी तवाच कावून बोलला न्हाईत?"

"सोसायटीचा शेर मालकाच्या नावावर. मला तितं सुतळीच्या आत कोन बसू देत होतं?"

गाडी फलाटाला लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. मी तिची पिशवी घेतली आणि तिच्या मागोमाग चढलो. सकाळपासून मनात नव्हती एवढी लाज वाटत होती आणि या वेळी बघणारं कुणी नव्हतं.

"चुकलं, मावशी," मी म्हणालो.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली आणि खिडकीकडे सरकून तिनं मला बसायला जागा दिली.